स्वस्तातली दुर्बीण

बाबांची रायफल दुर्गच्या ठाण्यात जमा करायची होती. परवाना त्यांच्या नावाचा. माणूस गेल्यावर हत्यार घरात ठेवता येत नाही. तेरवी झाली, पाहुणे गोंदियाच्या गाडीने परतले, आणि मी कपाटामागून रायफल बाहेर काढली. तिच्यावरची दुर्बीण मी निवडलेली होती. अकरा वर्षांपूर्वी, नागपुरात, खोटं बोलून.

अठ्ठावन्नचा डिसेंबर होता. भिलाईत तेव्हा कारखाना कमी आणि खड्डे जास्त होते. आम्ही ठेकेदाराच्या मजुरांच्या वस्तीत, तट्ट्याच्या खोलीत राहत होतो. बाबा भंडाऱ्याकडचे. तिथल्या मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, ते शिकारी होते. रानडुकरांपासून धानाची राखण करायचे. सरकारने मालगुजारी बंद केली तेव्हा मालकांनी निरोप देताना आपली रायफल त्यांना दिली. बाबांनी दुर्गला येऊन तिचा रीतसर परवाना काढला, आणि पोटासाठी माती वाहू लागले.

मग कळलं की नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत सुरुंगाच्या दारूचं कोठार बांधलं आहे आणि त्यावर स्वतःचं हत्यार असलेला चौकीदार हवा आहे. नोकरी कायमची, राहायला पक्कं क्वार्टर. अट एकच. शंभर गजांवरून पाच गोळ्या, त्यातल्या तीन लागल्या पाहिजेत. दुर्बीण लावली तरी चालेल, असं खाणीच्या साहेबांनी सांगितलं होतं. परीक्षेला पंधरा दिवस होते आणि रायफलची गोळीवर ठोका मारणारी पिन तुटलेली होती.

"पिन घ्याची आन् एक दुर्बीण," बाबा म्हणाले. "वय झालं, आता नजर जराशी कमी आली. नलू, तू चाल संगं. इंग्रजी तुले वाचता येते."

मी सतरा वर्षांची होते, मॅट्रिकची तयारी करत होते. सामान घ्यायला नागपूरला जायचं, यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे लग्नाचं लुगडं नागपूरचं, डोळ्यांचा डॉक्टर नागपूरचा. मालकांनी रायफलही नागपुरातच घेतलेली होती, सीताबर्डीवरच्या शामसुंदररावांच्या दुकानात. तुटलेली पिन फडक्यात बांधून आम्ही पॅसेंजरने निघालो.

शामसुंदरराव जाड भिंगाचा चष्मा लावून बसले होते. त्यांनी पिन पाहिली, खणातून तशीच नवी काढली आणि परवाना मागितला. तो त्यांनी दोनदा वाचला, मग माझ्यापुढे सरकवला.

"पोरी, हद्द काय लिहिली आहे, वाच."

"मध्यप्रदेश."

"मग? मी कुठं बसलो आहे?"

"नागपुरात," बाबा म्हणाले. "नागपूर म्हंजे मध्यप्रदेशच ना बाप्पा. राजधानी हाय."

"होती. दोन वर्षं झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं. पिन म्हणजे हत्याराचा भाग. या परवान्यावर तो तुमच्या हातात दिला तर उद्या माझ्या दुकानाला कुलूप."

"ऐकलं होतं म्या," बाबा जरा ओशाळून म्हणाले. "पण मले वाटलं, ते मंत्र्यायसाठी असन. गाडी तेच, टेशन तेच. मधात कोणी उतरवलंबी नाही."

"कोणी उतरवायला हवं होतं काय? दवंडी पिटून?" शामसुंदरराव हसले. पण बाबांचा चेहरा पाहून त्यांनी चष्मा काढला. "कावून घाबरता, तेजराम? रायपूरला माझे ओळखीचे परवानेवाले व्यापारी आहेत. पिन मी त्यांच्याकडे कागदोपत्री पाठवतो. आठ दिवसांनी रायफल घेऊन जा, तेच बसवून देतील."

"आन् दुर्बीण?"

"दुर्बीण न्या की आजच. ती नुसती काच आहे. तिला परवाना लागत नाही."

त्यांनी दोन दुर्बिणी गल्ल्यावर ठेवल्या. एक जर्मन, एकशे ऐंशी रुपये. दुसरी कुठली ते नळीवर धड कोरलेलंही नव्हतं, ती नव्वद. रस्त्यापलीकडे एका छत्रीच्या दुकानाची पाटी होती. शामसुंदरराव म्हणाले, "दारात उभे राहा, ती पाटी वाचून दाखवा, मग ठरवा."

बाबांनी जर्मन दुर्बीण उजव्या डोळ्याला लावली आणि वाचलं, "स्वदेशी छत्री भांडार." चौथी शिकलेल्या माणसाने वाचावं तसं, अक्षरं सुटी करत.

"हं. आता दुसरी," असं म्हणून शामसुंदरराव पाठ फिरवून आतल्या फळीवर दुर्बीण बसवायच्या कड्या शोधू लागले.

तेवढ्यात संत्र्यांच्या करंड्यांनी शिगोशीग भरलेली एक बैलगाडी आली आणि नेमकी त्या पाटीसमोर थांबली. पाटी पूर्ण झाकली गेली. बाबांनी स्वस्तातली दुर्बीण डोळ्याला लावली, थोडं थांबले, आणि तसंच, अक्षरं सुटी करत, म्हणाले, "स्वदेशी... छत्री... भांडार."

मी त्यांच्याकडे पाहिलं. दारातला उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. उजव्या बुबुळावर शिंपल्याच्या आतल्या भागासारखा पांढुरका पडदा होता. तो मी रोज पाहत असणार. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो दिसला. पाटी त्यांनी दुकानात शिरतानाच वाचलेली असणार, आणि तेच ते आता पाठ म्हणून दाखवत होते.

"कोणती बरी वाटते, नलू? तू पाय," ते म्हणाले आणि दोन्ही दुर्बिणी त्यांनी माझ्या हातात दिल्या.

जर्मन दुर्बिणीतून मला करंडीतल्या संत्र्याच्या देठाला राहिलेलं पान दिसलं, पानावरची शीरसुद्धा. दुसरीतून सगळं असं दिसत होतं, जसं भाताच्या वाफेपलीकडचं दिसतं. बाबांजवळ दोनशे रुपये होते. ते कसे जमले हे मला ठाऊक होतं. मनात आलं, यांना दोन्हींतून सारखाच अंधार दिसतो. नोकरी तर मिळणार नाही. निदान वरचे पैसे वाचू देत.

"दोन्ही सारख्याच आहेत, बाबा," मी म्हणाले. "स्वस्तातली घ्या."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग शामसुंदररावांना म्हणाले, "पोरगी म्हणते थे द्या. शिकलेली हाय."

त्यांना दुसराही डोळा आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. निशाणेबाज एक डोळा मिटतो आणि एका डोळ्याने पाहतो, असंच मी लहानपणापासून पाहिलं होतं. मिटलेल्या डोळ्याचा विचार कोण करतं?

परतीच्या गाडीत सालेकसा स्टेशन मागे पडल्यावर बाबांनी खिडकीबाहेर पाहत विचारलं, "इथं कुठंसा बदलत असन, नाही? राज्य?" बाहेर नुसतं रान होतं. मी "असेल," म्हणाले.

आठ दिवसांनी ते रायपूरला जाऊन पिन आणि दुर्बीण बसवून आले. पुढचे दोन दिवस कामावर गेले नाहीत. पहाटे रायफल घेऊन शिवनाथ नदीच्या काठाकडे जायचे आणि दुपारी परत यायचे. तिसऱ्या दिवशी परीक्षा होती. त्या संध्याकाळी मी शाळेतून घरी आले तर माय त्यांचा डावा खांदा हळदीच्या पाण्याने शेकत होती. खांदा काळानिळा झाला होता.

"काय झालं?"

"सायकलवरून पडले," माय म्हणाली.

"आणि परीक्षा?"

"तीन लागल्या," बाबा म्हणाले. "तुयी दुर्बीण चांगली निघाली."

मी हसले. मला वाटलं, साहेबाला दया आली असेल, नाहीतर नशीब. नोकरी मिळाली, क्वार्टर मिळालं. अकरा वर्षं बाबांनी कोठाराची राखण केली. एकदा रात्री तारेखालून शिरलेल्या तिघांना त्यांनी नुसत्या आवाजाने उभं ठेवलं, हे मी दुसऱ्यांकडून ऐकलं. पण अकरा वर्षं मी भीत होते. एका डोळ्याने आंधळा माणूस दारूगोळ्यावर पहारा देतो आहे, आणि ते फक्त मला माहीत आहे, असं मला वाटत होतं. ते कार्तिकात गेले, झोपेतच. दुःखाबरोबर माझ्या मनात जी सुटका आली, तिची मला लाज वाटते.

दुर्गच्या ठाण्यातला हवालदार म्हातारा होता, जुना फौजी. त्याने रायफल उलटसुलट केली, दस्त्यावरून दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवला आणि विचारलं, "बाबूजी बाएँ हाथ के थे क्या?"

"नाही," मी म्हणाले. बाबा उजव्या हाताने जेवायचे, सही उजव्या हाताने करायचे.

"तो फिर बाद में सीखे होंगे।" त्याने मला दाखवलं. दस्त्याच्या डाव्या अंगाला पॉलिश उडून लाकूड काळं पडलं होतं. ती खूण जुनी, उजव्या खांद्यावरून रायफल चालवतानाची. उजव्या अंगालाही गाल टेकून टेकून तसंच गुळगुळीत झालं होतं, पण लाकूड अजून उजळ होतं. रायफल डाव्या खांद्याला लावल्याखेरीज तिथे गाल टेकत नाही. "बूढ़े आदमी का हाथ बदलना आसान नहीं, बेटी," तो म्हणाला, आणि स्क्रू सैल करून दुर्बीण त्याने माझ्यापुढे ठेवली. "यह ले जाइए। यह हथियार में नहीं आता।"

घरी माय सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्याजवळ बसले.

"माय, परीक्षेच्या दिवशी बाबा सायकलवरून पडले होते?"

तिने खडा उचलून बाजूला टाकला. "आपल्याकडं सायकल कुठं होती तेव्हा?"

अकरा वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

"दोन रोज डाव्या खांद्यावरून गोळ्या झाडल्या त्यायनं," माय म्हणाली. "धक्क्यानं हाड मोडते का काय, असं झालं होतं. तुले सांगू नको म्हणे. पोरीले कळलं हाय माया डोळ्याचं, तिनं दुकानात माही लाज राखली, म्हणे."

मी दुर्बीण डाव्या डोळ्याला लावली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या क्वार्टरची भिंत, दोरीवरची लुगडी, त्यामागे भट्ट्यांच्या चिमण्या. सगळं वाफेपलीकडचं. शंभर गजांवरचा कागदाचा ठिपका यातून कसा दिसला असेल? त्या दिवशी मी खरं बोलले असते तर तो ठिपका त्यांना लख्ख दिसला असता, संत्र्याच्या पानावरच्या शिरेसारखा.

"काय दिसते?" मायने विचारलं.

"धुरकट दिसतं."

"हाव," ती म्हणाली. "तेबी तसंच म्हणत. म्या म्हटलं, आता पगार हाय, नवी आणा. त म्हणे, नाही, नलूनं निवडली हाय, चालते."

तिने सूप माझ्याकडे सरकवलं. मी दुर्बीण खाली ठेवली आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडू लागले.