हात हलवणारी माणसं

"अवो, वर घ्या ना! तार आहे समोर, तार!" शेजारी उभी बायको जया ओरडली.

संघपालने घाबरून रिमोटवर अंगठा दाबला तो नेमका उजवा. ड्रोन वर जायच्या ऐवजी तारेकडेच निघाला. मग डावा अंगठा पुढे केला तेव्हा कुठे ते चार पंखांचं भूत भुणभुणत वर चढलं. तार हातभर खाली राहिली.

ड्रोन शनिवारीच सीताबर्डीच्या बाजारातून आणला होता. सव्वीस वर्षं लग्नाच्या शूटिंगमध्ये काढलेला माणूस तो, पण आता गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "ड्रोन आहे का?" रामदासपेठेतल्या पार्टीचं लग्न येत्या रविवारी होतं. त्याआधी दोन-चार दिवस मोकळ्या मैदानावर हात बसवू, असं त्याने ठरवलं होतं. अन् आज मंगळवारी, खोक्यातून काढून पहिल्यांदाच उडवायचा प्रसंग आला तो बापाला शोधायला.

धोंडबा सकाळी सहालाच घरातून निघून गेले होते. वर्षभरात त्यांचं विसरणं इतकं वाढलं होतं की जेवून हात धुतल्यावर ते विचारायचे, "आज स्वयंपाक नाही का गा?" दाराला कडी लावायची राहिली, आई अंघोळीला गेली, तेवढ्यात म्हातारा पसार. कामठीच्या गल्ल्या, बस स्टँड, विहार, बाजार, सगळं पालथं घालून झालं. शेवटी एका दूधवाल्याने सांगितलं, की निळ्या सदऱ्यातला एक म्हातारा कन्हान नदीच्या रस्त्याला लागलेला पाहिला. तिकडे नुसतं रान, वीटभट्ट्या आणि बाभळी. शेजारचे भैय्याजी चार पोरांना घेऊन मोटरसायकलींवर तिकडे गेले होते. दहा वाजले होते आणि मे महिन्याचं ऊन आत्ताच डोक्यात जात होतं. बारापर्यंत बाबा सापडले नाहीत तर काय, हे कोणी बोलत नव्हतं आणि प्रत्येकाला ठाऊक होतं.

"काही दिसून राहिलं का?" जयाने विचारलं. उन्हात मोबाइलचा पडदा काळा दिसत होता, म्हणून तिने दोघांच्या डोक्यांवर चादर धरली होती.

दिसत तर सगळं होतं. टिनाची छपरं, छपरांवरचे कूलर, दोरीवरच्या साड्या, साड्यांचे चिमटेसुद्धा मोजून घ्यावेत इतकं साफ. पण माणूस काही ओळखू येईना! आयुष्यभर संघपालने माणसं समोरून पाहिली होती. नवरीच्या मावशीचं नाक पाहून तो सांगायचा, ही आईकडची. आता वरून पाहावं तर माणसाला ना नाक, ना डोळे. एक डोकं आणि पायाशी चिकटलेली काळी सावली. बाप काय आणि वाटसरू काय, सारखेच.

"निळा सदरा पाहा, बाकी काही पाहू नका," जया म्हणाली.

"तेच पाहून राहिलो ना वं!"

अंगठा केसभर हलला की यंत्र तिरकं व्हायचं. खांद्यावरचा कॅमेरा कसा, आपण वळलो की वळतो. हे बेणं आपण घाबरलो की पळतं. त्यातून चार्ज केलेली बॅटरी एकच. अर्ध्या तासाचा खेळ, त्यातली सात मिनिटं तर हात बसवण्यातच गेली.

रस्ता ओलांडून ड्रोन पहिल्या भट्टीवर आला. खाली पोरं धावत सुटली, दोन्ही हात हलवत. डोक्यावर विटा घेतलेल्या एका बाईनेही मान न हलवता हात तेवढा वर केला. पुढे नाल्यात म्हशी धुणाऱ्याने केला. जो दिसेल तो वर पाहून हात हलवत होता, जसं काही यांचंच लग्न!

हात हलवणाऱ्यांशी संघपालचं जुनं वैर. नवरदेवाला हार घालायची वेळ आणि मागे एखादा जिलेबी खाता खाता कॅमेऱ्याला हात दाखवतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, "याले कापा ना भाऊ." कापून कापून तो इतका कावला होता की कोणी हात वर केला की कॅमेरा आपोआप दुसरीकडे वळायचा. त्यात विचार नसायचा. सव्वीस वर्षांची हाताची खोड होती ती.

नाल्यापलीकडे एका बाभळीखाली एक माणूस उभा होता. डोक्यावरून खांद्यापर्यंत सिमेंटचं रिकामं पोतं. तो बाभळीखालून उन्हात आला, वर पाहिलं आणि हात हलवू लागला.

"हाही आला मधात," संघपाल पुटपुटला. अंगठा वळला, ड्रोन वळला, आणि पडद्यावर पुढचं रान आलं.

पुढच्या रानात काही नव्हतं. त्याच्या पुढच्याही नव्हतं. मग पडद्यावर लाल अक्षरं चमकली, आणि संघपाल नको नको म्हणत असताना ड्रोन आपल्या मनाने घराकडे परतला. दुसरी बॅटरी चार्ज व्हायला तास लागला. त्या फेरीत तो नदीपर्यंत जाऊन आला.

दुपारी दोनला भैय्याजींचा फोन आला. नाल्यापलीकडच्या भट्टीवाल्यांना एक म्हातारा पडलेला सापडला होता. ट्रॅक्टरवर घालून आणला. अंग तव्यासारखं तापलेलं, जीभ कोरडी, डोळे अर्धवट. दवाखान्यात सलाईन लागली, बर्फ लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडबा गेले.

घर माणसांनी भरलं. भैय्याजी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "काही म्हणा, पोरानं बापासाठी आभाळ पालथं घातलं! आजकाल कोन करते गा एवढं?" लोक संघपालच्या पाठीवर हात ठेवायचे. तो खाली पाहून उभा राहायचा. रविवारचं लग्न त्याने दुसऱ्याला देऊन टाकलं.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, त्याने आपल्या शूटिंगच्या दुकानात बसून ड्रोनमधलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. नेमकं कुठे चुकलं हे त्याला पाहायचं होतं. बाबा आपण पाहिलेल्या भागाच्या बाहेर होते, एवढं दिसलं असतं तरी त्याचा जीव थंडावला असता. पोरं गेली, विटावाली गेली, म्हशी गेल्या. बाभूळ आली. पोतं आलं. त्याने चित्र थांबवून मोठं केलं. पोत्याच्या कडेखाली निळा सदरा होता. पोतं मागे सरकलं होतं आणि तोंड वर होतं. बाबांचं तोंड.

अकरा सेकंद हात हलत होता. मग चित्र वळलं.

संघपालला स्वतःच्या अंगठ्याची किळस आली. एवढे अकरा सेकंद कापले असते तर कोणाला कळणार होतं? कापण्यातच तर जन्म गेला होता त्याचा. कळफलकावर बोट ठेवलंही होतं. मग त्याने ते अकरा सेकंद मोबाइलवर घेतले, शटर ओढलं आणि घरी आला.

आई, प्रेमिलाबाई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"आई, मले बाबा दिसले होते. त्याच दिवशी. वरून."

तिचा हात थांबला. "कवा?"

"सव्वादहाले. हात करून राहिले होते. मले वाटलं, भट्टीवरचा कोनी असन. मी पुढं निघून गेलो आई."

ती रडली नाही, चिडली नाही. त्याला वाटलं, एक थोबाडीत तरी ठेवून दे.

"दाखव," ती म्हणाली.

त्याने दाखवलं. तिने सूप बाजूला सारलं, पदराने पडदा पुसला आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "आनखी एकदा लाव." त्याने लावलं. तिसऱ्यांदा तिने स्वतःच बोट ठेवलं.

"तोंड हलून राहिलं त्याइचं," ती म्हणाली. "काही बोलून राहिले."

"हो आई."

"काय बोलून राहिले?"

त्याने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"सारा जन्म कापड विनता विनता मागाच्या खडखडाटात गेला. हळू बोलनं ठाऊकच नव्हतं त्या मानसाले. इथं हाक मारली का चौकात आयकू जाये," असं म्हणत तिने चित्र पुन्हा सुरू केलं आणि मोबाइल कानाला लावला, बहिणीचा फोन आला की लावते तसा. दुसऱ्या कानावर तळहात दाबून तिने डोळे मिटले.

ड्रोनमध्ये आवाज भरत नाही, हे सांगायला संघपालने तोंड उघडलं. मग मिटलं आणि तो तिच्याजवळ सरकून बसला.