डावा डोळा

१९९९ साल. हिंगोली परभणीपासून वेगळी होऊन जिल्हा झाली, त्याच उन्हाळ्यातली ही गोष्ट.

आखाडा बाळापुरात रस्त्याला लागून आमचं चित्रदालन होतं. माझे सासरे मसाजी यांनी ते थाटलं. दोन खोल्या, भिंतीभर चित्रं. बाजारच्या दिवशी बाया भाजीच्या पिशव्या दाराशी ठेवून आत यायच्या, बुद्धाच्या मोठ्या चित्रापुढे हात जोडायच्या, मग औंढ्याच्या देवळाच्या चित्रात आपण कुठून आत शिरतो ते एकमेकींना दाखवायच्या.

घरात एक रीत होती. दालन ज्याच्या हाती जायचं त्याने आधी ते चालवणाऱ्याचं चित्र काढायचं, समोर न बसवता, नुसतं आठवून. ते पटलं की किल्ली मिळायची. माझ्या मालकांनी, प्रेमानंदांनी, काढलेले मसाजी दारावर टांगलेले होते.

त्या वर्षी मालकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पापणी जराशी खाली आली ती आलीच. ते म्हणाले, आता दुसऱ्यानं बघावं. सरिता, माझी थोरली, नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्याजवळ बसून रंगवत होती. धाकटा बंटी कनेरगाव नाक्याच्या ढाब्यांवर दोस्तांसोबत. पण नव्या जिल्ह्यात नवी ऑफिसं होणार, भिंतींना तसबिरी लागणार, हे कळल्यावर तो घरी दिसू लागला.

मीच सरिताकडे गेले. "बाबाचं चित्र बंटीच्या नावानं काढून दे. त्याचं बस्तान बसंल. तू काय, उद्या दुसऱ्याच्या घरी जाशील."

"मग मला शिकवलं काहून, माय?"

मी रंगाचा डबा तिच्यापुढे सरकवला. ती म्हणाली, "काढते. बाबा वळखतील."

आठ दिवस मागच्या खोलीत तिने ते काढलं. बंटी आला, ब्रश हातात घेऊन म्हणाला, "सही इकडं करू का तिकडं?"

रविवारी माणसं जमली. मालकांनी चित्राला नाक लावून पाहिलं. बराच वेळ.

"बंट्या, तू काढलं?"

"व्हय, बाबा."

"मंग सांग, डाक्टरनं माझा कोणता डोळा कापला?"

"उजवा."

चित्रात मालकांची डावी पापणी खाली आलेली होती, ऑपरेशन झालेल्या डोळ्याची. माझी नणंद रूपाबाई खदखदून हसली. "अगं बया! बापाचा डोळाबी ठाऊक न्हाई याला. औषध कोण घालून राहिलं व्हतं रे, शेजारी?"

सगळे हसले. सरिता हात पुसत उठून उभी राहिली. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

मालकांनी कमरेची किल्ली काढली आणि बंटीच्या हातात ठेवली. "भिंतींना ओल धरू देऊ नको," एवढंच म्हणाले. सरिताकडे त्यांनी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "तुमाला कळलं न्हाई?"

"हात धरून शिकवलं म्या तिला. मला कळणार न्हाई?"

"मंग?"

"तूच तर त्याच्या नावानं काढायला लावलं," ते म्हणाले आणि चहा मागितला.

बंटीने पाच वर्षांत फ्लेक्सचं मशीन आणलं. चित्रं मागच्या खोलीत एकावर एक रचली, त्यांना ओल धरली. बुद्धाचं चित्र मीच विहारात पोचवलं. मालक २००६ मध्ये गेले. त्यांच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर फोटो ऑपरेशनच्या आधीचा होता. रूपाबाई त्यांच्या आधीच गेली. सरिताला पुसेगावला दिली. तिच्या घरी शेती आहे, दोन मुलं आहेत, रंगाचा डबा नाही. मुलांच्या शाळेची चित्रंसुद्धा ती काढून देत नाही. तिने काढलेलं बापाचं चित्र मात्र अजून आमच्या दालनाच्या दारावर आहे, खाली बंटीची सही.

मागच्या दिवाळीत ती आली तेव्हा मी म्हटलं, "सरे, माझं एक चित्र काढ ना. आता किती दिवस राहिले?"

ती पिशवी भरत होती. वर न पाहता म्हणाली, "बंटीला सांग की, माय."