स्ट्रॉबेरीची चाचणी फेरी

चेंडूने स्ट्रॉबेरी खाल्ली आणि तिला काहीही झालं नाही.

हे वाक्य आता विसरून जा. त्या दुपारी आमच्यापैकी कोणालाच ते ठाऊक नव्हतं, आणि तुम्हाला ते आधी कळावं असं तुम्ही काही थोर काम केलेलं नाही.

चेंडू म्हणजे माझी भाची. ती रांगत नाही, घरंगळते. ताई आणि दाजी लिफ्टदुरुस्तीचा धंदा करतात आणि मी त्यांच्याकडेच कामाला आहे. आमच्या धंद्यात दोन नियम देवासारखे पाळतात. एक, एका वेळी एकच भाग बदलायचा. दोन बदलले आणि खडखडाट झाला तर दोष कोणाच्या माथी मारणार? दुसरा, दुरुस्तीनंतरची पहिली फेरी मेकॅनिकची. गिऱ्हाईक नंतर.

चेंडूच्या डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं होतं की नवं फळ एका वेळी एकच द्या, थोडंसं द्या, दिवसा द्या, आणि मग दोन-तीन दिवस दुसरं नवं काही नको. ताई इतकी खूश झाली की दवाखान्याचा जिना उतरताना म्हणाली, "बाई आपल्याच लाइनीतली आहे." मेकॅनिकने आधी खायचं, असं मात्र बाई कुठेही म्हणाल्या नव्हत्या. तो नियम आम्ही आमच्या खर्चाने जोडला. त्यामुळे चेंडूच्या पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट आधी माझ्या पोटातून पास व्हायची. भोपळा, रताळं, केळं, नासपती. बिनमिठाचा भोपळा चमचाभर गिळून गंभीरपणे "चालतंय" म्हणायचं. ह्यापेक्षा मोठ्या हुद्द्यावर मी कधी पोचलो नाही.

त्या दुपारी स्ट्रॉबेरीची पाळी होती. दाजी आमच्याच इमारतीच्या लिफ्टवर चढले होते. ती कित्येक दिवस बंद होती आणि शेजाऱ्यांचे टोमणे आता जिन्यातच भेटायचे. लिफ्टची विहीर आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे दाजींचा आवाज थेट भिंतीतून यायचा, आकाशवाणीसारखा. फक्त ही आकाशवाणी पाना मागायची.

ताईने स्ट्रॉबेरी धुतली, देठ काढला आणि काट्याने चेचचेच चेचली. "बाळाच्या घशात अख्खं फळ म्हणजे दोन मजल्यांमध्ये अडकलेली लिफ्ट," ती म्हणाली. मग चमचा माझ्यापुढे धरला. "परीक्षक, आ करा."

मी खाल्ली. लिफ्ट वर जाऊन खाली येईल इतका वेळ थांबलो. आमची वाट बघण्याची रीत तीच.

"चालतंय."

चेंडूने पहिला चमचा घेतला, एक डोळा मिटला, अंगभर शहारली आणि दुसऱ्यासाठी टेबलावर हात आपटला. दुसरा गेला. तिसरा भरला जात असताना माझा खालचा ओठ खाजायला लागला. मग तळहात. मग मला माझा ओठ दिसायला लागला. आपला ओठ आपल्याला सहसा दिसत नाही.

"ताई," मी म्हणालो, "समज, मेकॅनिकने लिफ्ट पास केली. गिऱ्हाईक आत चढलं. आणि मग मेकॅनिकला आवाज ऐकू आला."

"कसला आवाज?" म्हणत तिने वर बघितलं.

माझा ओठ बघून तिने तिसरा चमचा टेबलावर उपडा केला.

"तिने दोन खाल्लेत," ती म्हणाली. माझ्याशी नाही, चमच्याशी.

चेंडूच्या तोंडाभोवती लाल होतं. ताईने ओलं फडकं फिरवलं. रस निघाला. लाल राहिलं.

माझ्या डोक्यात एकच विचार होता: हिचं नाक माझ्यावर गेलंय, कान माझ्यावर गेलेत. आणखी काय काय गेलंय?

ताईने तिचे सगळे कपडे उतरवले. चेंडूला वाटलं आंघोळ आहे, ती आनंदाने किंचाळली. किंचाळण्यासाठी श्वास लागतो, एवढाच काय तो दिलासा. ताईने डॉक्टरीणबाईंना फोन लावून स्पीकर चालू केला.

"लाल नेमकं कुठे आहे?"

"तोंडाभोवती."

"रस लागला तिथेच? पोट, पाठ, कानामागे बघा. गांधी उठल्यात?"

"नाहीत." ताई तिला भाकरीसारखी उलटसुलट करत होती. "अजून तरी नाहीत."

"डोळे, ओठ सुजलेत? उलटी? खोकला? श्वासाला आवाज?"

ताईने मोटरला लावते तसा कान चेंडूच्या छातीला लावला. भिंतीत हातोडा चालू होता.

"अहो! ठोकणं बंद करा!"

भिंत गप्प झाली. आम्ही ऐकत राहिलो. श्वास येत होता, जात होता. मधूनच बारीक शिट्टी वाजत होती. ताईने कान आणखी दाबला.

"ही शिट्टी बाळाची?" बाईंचा आवाज एकदम बदलला.

"माजी," मी म्हणालो. जीभ तोंडात मावत नव्हती.

"तुम्ही कोण?"

"मामा. मी आदी खाल्ली."

"का?"

ताईने नियम सांगितला.

"दुसऱ्या इमारतीची लिफ्ट तपासून तुम्ही ह्या इमारतीची पास करता का?"

"नाही," ताई म्हणाली. तिला हार मानताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि नेमका तेव्हाच मला हसता येत नव्हतं.

"बाळाचं लाल बहुतेक आंबट रसाने झालंय. पण 'बहुतेक' म्हणतेय मी. आता आणखी देऊ नका, पुढचे दोन तास नजर हलवू नका. मामांसाठी आत्ता अँब्युलन्स बोलवा, बाळालाही बरोबर न्या. त्यांना बसवून ठेवा, जिने उतरू देऊ नका."

अँब्युलन्स बोलावून ताईने भिंतीवर मूठ आपटली. "अहो! लिफ्ट चालू करा! हा सुजलाय!"

"किती?" भिंत म्हणाली.

"ओव्हरलोड!"

"आणि चेंडू?"

"माहीत नाही हो अजून."

भिंतीत काहीतरी धाडकन पडलं. मग हातोडा असा चालायला लागला की ताटं हलली.

लिफ्ट आली तेव्हा दाजी ग्रीसने काळेकुट्ट होते. चेंडूला घ्यायला हात पुढे केले, हात बघितले, मागे घेतले. मला खुर्चीसकट दारापर्यंत ढकललं आणि लिफ्टसमोर आडवे उभे राहिले.

"थांबा. आधी रिकामी फेरी."

"अहो, त्याचा श्वास!"

"चौघं मध्येच अडकलो तर?" दाजी म्हणाले, आणि एकटेच आत गेले.

दार बंद झालं. मी आयुष्यभर लिफ्टचे आवाज ऐकत आलोय, पण असा कान देऊन कधीच नाही. लिफ्ट खाली गेली. थांबली. अँब्युलन्सचा भोंगा जवळ आला. ताई टॉवेलात गुंडाळलेल्या चेंडूच्या पोटावर फुंकर घालून बघत होती, की ती हसते का. चेंडू माझ्या ओठाकडे बघत होती. तिला तो हवा होता.

लिफ्ट वर आली. "चालतंय," दाजी म्हणाले, आणि माझी खुर्ची आत ओढली.

हॉस्पिटलमध्ये मला मांडीत इंजेक्शन दिलं. शिट्टी हळूहळू थांबली. नर्स माझी नाडी बघायची आणि ताई चेंडूचं पोट, गळा, पुन्हा पोट. चेंडूचं लाल माझ्या आधी उतरलं. दोन तास सरले तरी ताईची नजर हटेना. शेवटी चेंडूने जांभई दिली, आणि ताई तिच्या टॉवेलात तोंड खुपसून रडली.

डॉक्टरांनी मला विचारलं, "आधी कधी स्ट्रॉबेरी खाल्ली होती?"

"पुष्कळदा. आइस्क्रीममध्ये."

"त्यात खरं फळ होतं?"

मी विचार केला. "टूथपेस्टसुद्धा त्याच चवीची होती," मी म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, चेंडूला काही दिवसांनी पुन्हा थोडी द्या, तोंडाभोवती आधी मलम लावा. मग ब्लूबेरी, तीही चेचूनच. "ब्लूबेरी," दाजी म्हणाले. ताई म्हणाली, "हं." आणि दोघांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. मी कागद-पेन मागितलं.

सबब, कुमारी चेंडू यांस नम्र विनंती करण्यात येते की, यापुढे प्रत्येक नवीन फळ प्रथम आपण स्वतः सेवन करावे, विहित वेळ वाट पाहावी, आणि ते निर्धोक असल्याबाबत आपल्या सहीचा दाखला मिळाल्यानंतरच सदर फळ मामांस देण्यात यावे.