धाकटीचे दात

धाकटी बहीण हसली की ताईच्या पोटात दुखायचं. एकाच आईच्या लेकी दोघी, पण मोत्यांची ओळ तेवढी धाकटीच्या वाट्याला! त्यात भरीत भर म्हणून एका लग्नात तो मेला फोटोग्राफर म्हणाला, "धाकट्या बाईंना पुढे घ्या." त्याच दिवशी ताईने कडक ब्रश आणला आणि रोज धाकटीचं हसू डोळ्यांपुढे आणून ती खसाखसा दात घासू लागली.

शेवटी साधं गार पाणीही झोंबायला लागलं, तेव्हा धाकटीच तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"कीड नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण तुम्ही दात घासता की करपलेलं पातेलं? हिरड्या पार मागे सरकल्यात. बहिणीचे बघा कसे छान आहेत!"

"मला ताईनेच तर शिकवलं," धाकटी म्हणाली. "लहानपणी माझे दात तीच घासून द्यायची. मऊ ब्रशने, गोल गोल, अगदी हळू."

डॉक्टरीणबाई ताईकडे वळल्या. "मग स्वतःच्याच दातांवर एवढा राग का काढलात?"

ताईने वासलेलं तोंड गपकन मिटलं. राग दातांवर नव्हताच मुळी. जिच्यावर होता, ती शेजारी तिचा हात धरून उभी होती.