पुन्हा तोच आकडा

मित्रांनो, मी हाउजीची थैली. खाकी, जुनी, तळाशी दोन ठिगळं लावलेली. एक ते नव्वद आकड्यांच्या लाकडी चकत्या माझ्या पोटात राहतात, म्हणून मी जरा खुळखुळ वाजते. आजवर एवढंच माझं बोलणं होतं. पण एका बाईवर आळ आला आहे, आणि खरं काय ते मला ठाऊक आहे. तेव्हा आता गप्प बसणं बरं नाही.

माझा जन्म धुळ्यातला, देवपूरचा. द्रौपदाबाई तिथल्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांचे यजमान चिंधाभाऊ एसटीत ड्रायव्हर. त्यांची पँट गुडघ्यावर विरली तेव्हा बाईंनी तिच्या धड राहिलेल्या कापडातून मला शिवलं. पडद्याचा जुना गोल दांडा करवतीने कापून चिंधाभाऊंनी चकत्या केल्या, आणि बाईंनी त्यांवर लाल रंगाने आकडे लिहिले. त्यांच्या अक्षराला शाळेत तोड नव्हती.

नाताळच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी शाळेत माझा मान असायचा. ही चाल रूथबाईंनी पाडली. त्या बाईंच्या शेजारच्या वर्गावर शिकवायच्या. त्या घरून केक आणायच्या आणि द्रौपदाबाई मला घेऊन यायच्या. मुलं वहीच्या पानावर तिकिटं आखायची आणि आलेल्या आकड्यावर हरभऱ्याचा एकेक दाणा ठेवायची. कुणीतरी हमखास ते दाणे खाऊन टाकायचं आणि मग कोणकोणते आकडे आले होते म्हणून वर्गभर विचारत फिरायचं. पाढ्यांच्या नावाने पोटात दुखणारी पोरंसुद्धा एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक माझ्यामुळे शिकली. हे माझं मीच सांगू नये, पण सांगणारं दुसरं आहे कोण?

बाई निवृत्त झाल्या आणि खेळ घरच्या ओट्यावर आला. नाताळच्या दिवशी दुपारी सगळं घर जमायचं. थोरला नवल दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला, तो बायको आणि मुलगी किरण यांना घेऊन यायचा. धाकटा राकेश रावेरला केळीच्या पॅकिंगचं काम बघायचा, तो बायको आणि मुलगा तेजस यांना घेऊन यायचा. आकडे पुकारायचा मान बाईंचा. चकती माझ्यातून काढायची, आकडा मोठ्याने म्हणायचा आणि समोरच्या ताटात ठेवायची, हा नियम. जल्दी पाच, पहिली ओळ, चार कोपरे आणि शेवटी सगळं तिकीट भरलं की फुल हाउस. चिंधाभाऊंना कधी काही लागायचं नाही, तरी सगळ्यांत जास्त हसायचे तेच.

मग चिंधाभाऊ आजारी पडले. नवल म्हणाला, नाशिकला मोठ्या दवाखान्यात नेऊ. राकेश म्हणाला, इथल्या डॉक्टरांचा गुण येतोय, हलवू नका. दोन दिवस घोळ झाला. शेवटी नेलं, आणि मालेगावच्या अलीकडेच ते गेले. नेलं म्हणून गेले, असं राकेश म्हणाला. उशीर केला म्हणून गेले, असं नवल म्हणाला. त्यानंतर सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. दिवाळीला एक आज यायचा, तर दुसरा परवा. बाई दोघांनाही समजावून थकल्या.

नाताळला मात्र दोघं एकत्र यायचे, कारण किरण आणि तेजस यांनी हट्ट सोडला नाही. पण ते येणं कसलं! दोघं ओट्याच्या दोन टोकांना बसायचे. काही विचारायचं झालं तर मुलांच्या तोंडून. फुल हाउस झालं की चहासुद्धा न घेता आपापल्या गाड्या काढायचे. खेळ संपला की माझ्या तोंडाची नाडी ओढून बाई रिकाम्या ओट्याकडे बघत बसायच्या. मला फार वाईट वाटायचं.

एका नाताळला बाईंच्या हातून खरीच चूक झाली. सत्तेचाळीसची चकती त्यांनी ताटात न ठेवता नकळत पुन्हा माझ्यात टाकली आणि थोड्या वेळाने तीच हाताला लागली. पोरं ओरडली, आजी, हा तर आला होता! बाई ओशाळल्या. पण त्या हसण्याच्या भरात राकेश एकदम थोरल्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, मायनी परत तोच आकडा काढा."

आईने पुन्हा तोच आकडा काढला म्हणून नवलही हसला. "वय झालं तिचं," तो म्हणाला.

किती वर्षांनी एक वाक्य गेलं आणि एक आलं. बाईंचा हात तेव्हा माझ्यात होता. तो जागच्या जागी थांबला होता.

मित्रांनो, त्यानंतर दर नाताळला जे झालं ती चूक नव्हती. बाई चकती काढायच्या, आकडा पुकारायच्या, ताटात ठेवल्यासारखं करायच्या आणि चकती मुठीतच ठेवायच्या. पुढच्या खेपेला हात घालताना ती हळूच माझ्यात सोडायच्या. मग एकसष्ट दोनदा यायचा, बारा तीनदा यायचा. खेळ लांबायचा, चहा व्हायचा, कधी जेवणंही व्हायची. आणि दर खेपेला दोन भाऊ एकमेकांकडे बघायचे. आधी हसून, मग काळजीने. ओट्याची दोन टोकं जवळ आली. दोघं शेजारी बसून हळू आवाजात बोलू लागले, की मायचं काहीतरी बघायला हवं. फोन सुरू झाले. राकेश केळीचे घड घेऊन दीपनगरला थोरल्याच्या घरी जाऊन आला. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

पण साखरेपाठोपाठ डॉक्टरही आले. दोघा भावांनी मिळून एका गाडीतून आईला जळगावला नेलं. कशात चुकते ते दाखवायला राकेशने मलाही सोबत घेतलं. धुळे ते जळगाव दोघं पुढे बसून बोलत होते, लहानपणचं, वडलांच्या एसटीचंही. बाई मागे मला मांडीवर घेऊन ऐकत होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, शंभरातून सात गेले तर किती? जन्मभर पोरांना पाढे शिकवलेली बाई ती. त्यांनी दाराकडे बघितलं. दाराशी नवल आणि राकेश खांद्याला खांदा लावून उभे होते.

"नही सांगता येत," बाई म्हणाल्या.

मला त्या वेळी नाडी तोडून ओरडावंसं वाटलं. पण थैलीला ओरडता येत नाही.

पुढच्याच नाताळला किरणने चोरी पकडली. पोर हुशार, आजीच्या शेजारीच बसायची. बाप आणि काका खाली अंगणात बोलत उभे होते. देवपूरचं घर बंद करून मायला दीपनगरला न्यायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. किरणने आजीची मूठ उघडली. आत बाराची चकती होती. ती म्हणाली, "आजी, तू मुद्दाम करतेस. मी पप्पांना सांगते. नाहीतर ते तुला घरातून नेतील."

बाईंनी तिचा हात घट्ट धरला. "बोलू नको, पोरी. माले बठ्ठं याद शे. पन त्या दोन्ही भाऊ बोली राहिनात ना, ते आयक."

किरणने ऐकलं. आजीला सगळं आठवत होतं, आणि खाली दोघं भाऊ बोलत होते, कशावर तरी मोठ्याने हसत होते. ती रडायला लागली. आजीने चकती माझ्यात सोडली आणि पुढचा आकडा पुकारला.

घराला कुलूप लागलं. ओट्यावरची तुळस शेजारणीला दिली. बाईंनी सोबत दोन पातळांच्या घड्या, चिंधाभाऊंचा फोटो आणि मला घेतलं. दीपनगरच्या क्वार्टरमध्ये त्यांची खोली चांगली आहे, सून गरम भाकरी वाढते, उणं काही नाही. फक्त दारात ओटा नाही, आणि 'बाई' म्हणून हाक मारणारं कुणी नाही. गॅसजवळ जाऊ देत नाहीत. एकटीला दुकानातही जाऊ देत नाहीत. विसरते ना ती.

यंदाच्या नाताळला राकेशचं घरही तिथेच जमलं. तेजसने मोबाईल मधोमध ठेवला. आता आकडे मोबाईल पुकारतो, आणि तो एकच आकडा दोनदा काढत नाही. बाईंच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा तिकीट आलं. मी खिडकीत रिकामी पडले होते. चकत्या डब्यात भरून ठेवल्या होत्या.

बाई एकेक आकडा खोडत होत्या. शेवटचा आकडा आला आणि त्यांनी तोही खोडला. पहिलं फुल हाउस त्यांचं होतं. सगळे माना खाली घालून बसले होते, कुणाचं लक्ष नव्हतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. त्या बोलल्या नाहीत. मोबाईल पुकारत राहिला, खेळ चालू राहिला, नवल आणि राकेश एकमेकांच्या तिकिटात डोकावत चेष्टा करत राहिले. किरणने आजीच्या तिकिटाकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

शेवटी फुल हाउस तेजसचं झालं. टाळ्या पडल्या. तिकिटं गोळा करताना राकेश थांबला. "माय, तुनं तं बठ्ठं भरेल शे!" असं म्हणून त्याने ते तिकीट भावाला दाखवलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "बघ भाऊ, आता तिला जिंकलेलंही कळत नाही."

नवलने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांचे डोळे भरून आले होते. बाई त्या हाताकडे बघत होत्या.

मित्रांनो, मी एक फाटकी थैली, तुम्हाला शिकवणारी कोण? पण तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगत असेल, उठू नका म्हणत असेल, खेळ संपू देत नसेल, तर लगेच त्याला विसराळू म्हणू नका. जरा त्याच्याजवळ बसा. आणि भावाशी बोलायचं असेल तर आजच बोला, आईला त्यासाठी वेडं ठरू देऊ नका.