शेवटच्या माणसाची बाटली

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीनच्या ठोक्याला स्कॉटलंडमधल्या कॅम्बेलटाउनच्या बंदरासमोरच्या हॉटेलात, मागच्या खोलीत, आठ माणसं आपापल्या बाटल्या छातीशी धरून जमत. शेगडीत कोळसा पेटलेला असे, मधल्या टेबलावर ओटची बिस्किटं आणि चीज मांडलेलं असे, आणि डुगल्ड मॅकगीकी शेगडीजवळच्या खुर्चीत बसून येणाऱ्या प्रत्येकाकडे नाक मुरडून बघत असे.

एकोणऐंशी वर्षांचा हा माणूस आर्डनाकेलच्या व्हिस्कीच्या भट्टीत पिंपं बांधायचा. भट्टी बंद पडून एकेचाळीस वर्षं झाली होती. व्हिस्की ही त्याच्या लेखी पिण्याची वस्तू. एवढी साधी गोष्ट चारचौघांत सांगावी लागते, याचीच त्याला शिसारी येई. हे व्हिस्की-मंडळ सुरू झालं तेव्हा ते पिणाऱ्यांचं होतं. आता ते विकत घेणाऱ्यांचं झालं होतं, आणि विकत घेणारे काही केल्या गप्प बसत नाहीत.

"बेचाळीस पाउंडांची बाटली एकोणतीसला," मर्डो सांगत होता. त्याचं खिळे-पत्र्यांचं दुकान होतं. "सुपरमार्केटात, खालच्या फळीवर, धूळ खात. तीन उचलल्या. एक प्यायला, एक ठेवायला, एक विकायला."

"आणि गेल्या महिन्यातली पिण्याची?" निनियनने विचारलं. तो शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, सगळ्यांच्या बाटल्यांना शंभरपैकी गुण द्यायची त्याची खोड काही सुटली नव्हती.

"आहे अजून. म्हटलं, दर वाढेल."

"म्हणजे तू पीत नाहीसच."

"पितो की. इथं येऊन तुमची पितो."

सगळे हसले. डुगल्ड हसला नाही. त्याने बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला आणि बंदराकडे बघत बसला. घरात दोनशे बाटल्या आणि घसा कोरडा, असल्या माणसाला हसायचं काय, कीव करायची की थुंकायचं?

मंडळाचा एक जुना नियम होता, पहिल्या सभेत ठरलेला: जी बाटली टेबलावर टेकली, तिचं बूच निघालंच पाहिजे. मग ती कोणाचीही असो, कितीचीही असो. पण बाटल्या महाग होत गेल्या तशी या लोकांनी पळवाट काढली. महागाची बाटली टेबलावर ठेवायचीच नाही. ती खिडकीच्या कठड्यावर उभी करायची, सगळ्यांनी जवळ जाऊन बघायची, फोटो काढायचे, आणि जशी आणली तशी घरी न्यायची. गेल्या पाच-सहा वर्षांत कठडा भरत गेला होता आणि टेबलावर सवलतीतला माल उरला होता.

सगळ्यांत शेवटी कीथ ड्रायस्डेल आला. हा ग्लासगोचा दातांचा डॉक्टर. निवृत्त होऊन समुद्रकाठी घर बांधून राहिलेला, बोलायला गोड, हात सदानकदा धुतल्यासारखे. त्याने कोटाच्या आतून एक जाड लोकरी मोजा काढला.

"या महिन्याच्या स्वस्त खरेदीचं बक्षीस मलाच द्या आणि घरी जा," तो म्हणाला आणि मोज्यातून बाटली बाहेर ओढली.

डुगल्डने ती पाहताक्षणी ओळखली. ती हेक्टरची बाटली होती.

आर्डनाकेलची भट्टी बंद झाली त्या दिवशी तिथे सात माणसं उरली होती. मुकादमाने वीस वर्षांचं एक पिंप फोडून प्रत्येकाला एकेक बाटली भरून दिली. पांढऱ्या कागदाची चिठ्ठी, त्यावर सातही जणांच्या सह्या, तोंडावर लाल लाख. सहा बाटल्या वर्षाच्या आत संपल्या. डुगल्डची तर बहिणीच्या लग्नातच संपली. सातवी राखायची असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. सातांमधला जो शेवटी उरेल त्याने ती उघडायची, आणि सहा नावं घेऊन प्यायची. हेक्टर सर्वांत कमी पिणारा, म्हणून ती त्याच्याकडे ठेवायला दिली. एकेक करत पाच गेले. सप्टेंबरच्या अखेरीस हेक्टरही गेला. त्याची शवपेटी खाली सोडताना, जवळिकीच्या मानाने वाटतात त्या दोऱ्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाची डुगल्डच्या हातात होती.

म्हणजे बाटली आता डुगल्डची होती. पण नुकताच नवरा पुरलेल्या बाईच्या दारात जाऊन बाटली कशी मागायची? लोक काय म्हणतील ते सोडा, हेक्टरची बायको जेसी काय म्हणेल? हा विचार करत त्याने सहा आठवडे त्या रस्त्यावर पाऊल टाकलं नाही. सभ्य माणूस असं करत नाही, असं तो स्वतःला बजावत राहिला.

"कुठं मिळाली?" निनियनने पुढे वाकून विचारलं.

"तो हेक्टर नव्हता का, त्याच्या बायकोकडे. शेडमधलं सामान धर्मादाय दुकानात द्यायचं म्हणत होती. मी म्हटलं, माझ्याकडे गाडी आहे, मी नेतो. ही स्वयंपाकघरात समोरच दिसली. विचारलं, हिचं काय करणार? किती देऊ? म्हणाली, दहा द्या." कीथ थांबला. गोष्ट कुठे थांबवायची हे त्याला बरोबर कळत होतं. "मी वीस दिले."

"दुप्पट," मर्डो म्हणाला. "मनाचा मोठा बाबा तू."

"असल्या सात होत्या, सहा संपल्या. लिलावात चार हजारांच्या खाली जायची नाही. डुगल्ड, ही सगळी माहिती तुझीच हो. तू ती सात जणांची गोष्ट सांगितली नसतीस तर मी मोज्यात घालून काय आणलं असतं? पाय?"

पुन्हा सगळे हसले. ही गोष्ट डुगल्डने याच खुर्चीत बसून दहा वेळा सांगितली होती. लोक कान देऊन ऐकत, त्याला बरं वाटे. ते ऐकत नव्हते, भाव काढत होते. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात ते हेच, आणि लोणी कुठं ठेवलंय ते आपणच बोट दाखवून सांगितलं. आपल्याच जिभेचा त्याला वीट आला.

"ती माझी आहे," तो म्हणाला.

"काय?"

"गोष्ट ऐकलीस ना दहा वेळा. मग शेवटही ऐकला असशील. जो उरेल त्याची."

कीथने खांदे उडवले. चेहरा मात्र गोडच राहिला. "तो तुमचा आपसातला करार, गड्या. मी बाईकडून रीतसर घेतली. तुला हवी असेल तर लिलावात बोली लाव, मला आनंदच होईल."

"असं कसं बोलतोस," निनियन पुटपुटला, पण बाटलीवरून त्याची नजर काही हटली नाही. "जरा सह्या बघू दे. इथं अंधारच आहे."

आणि तिथे कीथ चुकला. कठड्यावर आधीच पाच बाटल्या होत्या, बाहेर नोव्हेंबरचं आभाळ भरलेलं होतं, दिवा टेबलावर होता. सह्या दिसाव्यात, फोटो नीट यावा म्हणून त्याने चीजची ताटली बाजूला सारली आणि बाटली दिव्याखाली, टेबलावर, उभी केली.

डुगल्ड खुर्चीतून उठला.

"टेबलावर टेकली," तो म्हणाला. "बूच काढ."

कीथ हसला. मग बाकीचे हसत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं. "अरे, फोटोपुरती ठेवली. नियम आता कोण पाळतं?"

"नियम तो नियम," मर्डो म्हणाला. त्याने पेला पुढे ओढलाही होता. "आपण नियम मोडला तर मंडळ कशाला चालवायचं?"

"मर्डोचं खरं आहे," निनियन म्हणाला. "मला वाईट वाटतं कीथ, पण खरं आहे."

कोणालाच वाईट वाटत नव्हतं. डुगल्डने सगळ्यांची तोंडं बघितली. त्याच्यासाठी, हेक्टरसाठी, एकानेही तोंड उघडलं नव्हतं. चार हजारांची फुकट चव मिळतेय म्हटल्यावर सहाच्या सहा जण न्यायाधीश झाले होते. कीथ थोडा वेळ अडून बसला. पण मंडळातून नाव काढलं तर पुढच्या बाटल्यांची खबर कुठून मिळणार, हा हिशेब त्याने केला असावा. लाल लाखेवर त्याने चाकू चालवला. बूच जुनं होतं, अर्धं मोडलं, अर्धं ओढून काढलं.

आठ पेल्यांत थोडी थोडी पडली. डुगल्डने आपला पेला उचलला नाही. नाकं पेल्यांत गेली. मग सगळे एकदम बोलले. कुणाला ओल्या लोकरीचा वास आला, कुणाला मुरलेल्या सफरचंदाचा. निनियनने खिशातली वही काढली.

"एक्क्याऐंशी," तो म्हणाला.

"अठ्ठ्याहत्तर," कीथ म्हणाला. तो रागात होता. "लाकूड फार लागलंय. पिंप चांगलं नव्हतं."

ते पिंप डुगल्डने सांधलेलं होतं. दोन फळ्या त्याने स्वतः बदलल्या होत्या, हेक्टरने पलीकडून धरलं होतं. त्याला वाटलं, आपला पेला उचलून या माणसाच्या धुतलेल्या तोंडावर फेकावा. पण त्यात हेक्टरचीच व्हिस्की वाया गेली असती.

"उघडलेल्या बाटलीला लिलावात काय येतं?" त्याने विचारलं.

"काही नाही. माहितीय तुला."

"मग मला दे. किती घेशील?"

कीथने बाटली दिव्यासमोर धरली. पाऊण भरलेली होती. "तीस. माझे वीस गेलेत, शिवाय पेट्रोल."

"पाऊण आहे. पंधरा."

"पंचवीस."

"पंधरा. सही केलेला कागदही आता फाटका झालाय, लाख सांडलीय त्यावर."

"वीस दे, मिटवून टाक."

"अठरा."

"अठरा," कीथ म्हणाला आणि हात पुढे केला.

डुगल्डने तो हात हातात घेतला. घेतल्यावर त्याला जाणवलं, की छातीत कुठेतरी गुदगुल्या होताहेत. दोन पाउंड वाचवल्याचा आनंद. सहा मेलेल्या माणसांची बाटली त्याने दोन पाउंड कमी करून घेतली, आणि त्याला बरं वाटलं.

"या महिन्याची सर्वांत स्वस्त खरेदी कोणाची?" मर्डोने पेला वर केला. "चार हजारांची बाटली अठराला. डुगल्डची."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कीथनेही वाजवल्या, एवढ्यात त्याचा राग गेला होता. आता डुगल्ड त्यांच्यातलाच होता, आणि हे त्यांना आधीपासून ठाऊक असावं. डुगल्डने आपल्या पेल्यातली व्हिस्की परत बाटलीत ओतली, अर्धं बूच दाबून बसवलं, टोपी उचलली आणि निरोप न घेता बाहेर पडला.

बंदरावरचा वारा तोंडावर आल्यावर जरा बरं वाटलं. जेसीचं घर दहा मिनिटांवर. वाटेत त्याने काय बोलायचं ते जुळवलं. तुला फसवलं, जेसी. त्या दातवाल्याने तुला नागवलं. बघ, मी परत आणली. उद्या दफनभूमीत जाऊ, दोघं मिळून नावं घेऊ. हे सगळं सांगताना कीथला कोणत्या शब्दांनी झोडपायचं तेही त्याने ठरवलं. चांगले चार-पाच शब्द सापडले.

जेसीने दार उघडलं. हात पिठाचे होते. तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग बाटलीकडे.

"ती वीस पाउंडांची नव्हती जेसी," तो म्हणाला. "चार हजारांची होती. तो चोर आहे. तुला माहीत नव्हतं म्हणून त्याने..."

"मला माहीत होतं," जेसी म्हणाली.

"किंमत?"

"किंमत नाही. ती कोणाची आहे ते. हेक्टर शेवटच्या आठवड्यात तेच सांगत होता, डुगल्ड येईल, डुगल्डला दे. माती देऊन आले आणि त्याच संध्याकाळी ती ट्रंकेतून काढून स्वयंपाकघरात मांडून ठेवली. बाजूला दोन पेले. रोज पुसत होते."

डुगल्ड म्हणाला, "कसं मागू म्हणून आलो नाही. बाटलीसाठी आलो असं वाटलं असतं तुला."

"वाटलं असतं तर वाटलं असतं." तिने हात झग्याला पुसले. "चाळीस दिवस बघितली रे वाट. पहिल्यांदा म्हटलं, लाजतो. मग म्हटलं, बाटलीसाठीसुद्धा ज्याला यावंसं वाटत नाही तो कशासाठीच येणार नाही. ती समोर बघवेना. म्हणून दिली."

"पण त्याला? त्या कीथला?"

"तो आला ना. दोन तास बसला. हेक्टर कसा होता, भट्टीत काय करायचा, माझ्याशी लग्न कसं जमलं, सगळं विचारलं. तीन कप चहा प्यायला. बाटलीवर डोळा ठेवून बसलाय हे मला पहिल्या कपातच कळलं. मी काय आंधळी आहे?" तिने हाताचं उरलेलं पीठ झटकलं. "पण बसला. सहा आठवड्यांत तेवढा एकच जण बसला."

डुगल्ड पायरीवर उभा होता. वाटेत जुळवलेला एकही शब्द त्याला आठवेना. बाटली त्याने दोन्ही हातांनी धरली होती, छातीशी, अगदी त्या लोकांसारखी.

"आत येतोयस," जेसीने विचारलं, "की तिथूनच जाणार आहेस?"