पहिलवानाच्या खोलीतला ओळंबा

मी एक जुना पितळी ओळंबा आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, स्वभावाने संशयी आहे. याला माझा इलाज नाही. भिंत सरळ आहे असे गवंडी सांगतो, मालक सांगतो, तरी खात्री करायला मला दोरीला बांधून वरून सोडतात. जन्मभर दुसऱ्याच्या बोलण्याची शहानिशा करणे हेच ज्याचे काम, त्याने कुणावर विश्वास कसा ठेवावा?

शहागंजातल्या एका ओताऱ्याने फुटक्या समया आणि जुन्या तोट्या वितळवून मला ओतले. तिथून मला सांडू मिस्त्रीने घेतले. घेताना त्याने मला दुकानाच्या चौकटीशी धरून पाहिले आणि दुकानदाराला शांतपणे म्हणाला, "ओळंबा बरा हाय. चौकट मात्र तुमची झुकलीय." हा माणूस मला तिथेच आवडला.

ते दिवस चिकलठाण्याला कारखाने उठण्याचे होते. काल जिथे ज्वारी होती तिथे आज शेड उभी राही. कंत्राटदार येऊन घाई करी, आवाज चढवी. सांडू त्याच्याशी वाद घालत नसे. मला भिंतीशी सोडून तो बाजूला होई. मी डुलायचा थांबलो की भिंतीतली खोट सगळ्यांना दिसे आणि कंत्राटदार गप्प बसे. संध्याकाळी सांडू मला खोबरेलाचे बोट लावी आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवी. त्याच्या घरात बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्याखालच्या खुंटीला ती पिशवी अडकवलेली असे. माझे मानाचे दिवस तेच.

मग बद्रीनाथ पहिलवानाचे काम आले. हा फर्दापूरकडच्या एका शेतकरी घरातला गडी. तालमीत अंग कमावलेले आणि लचकलेले हातपाय बसवण्यात तरबेज. तरुणपणी तो लेणी बघायला येणाऱ्यांच्या बंगल्यावर नोकरीला होता. तिथे एक गोरा डॉक्टर महिना-दीड महिना मुक्कामाला राहिला. औषध न देता नुसत्या हातांनी मणके आणि स्नायू ताळ्यावर आणणे हा त्याचा धंदा. त्याने बद्रीनाथला मान आणि खांद्याची विद्या शिकवली आणि जाताना इंग्रजीत एक कागद लिहून दिला. तो कागद पहिलवानाने काचेत बसवला. वाचता मात्र तो कुणालाच येत नव्हता. त्यावर धोब्याकडे टाकलेल्या कपड्यांची यादी असली तरी कुणाला कळणार होते, ही शंका मला आजही आहे.

कारखाने वाढले तशी डोके दुखणारी माणसेही वाढली. म्हणून पहिलवानाने मुकुंदवाडीला घरामागे उपचाराची खोली बांधायला काढली. भिंती झाल्या, पत्रे चढले, उजव्या अर्ध्या भागात सांडूने शहाबादी फरशी बसवली. डाव्या अर्ध्या भागात मुरमाचा भराव नुकताच पडला होता. एवढ्यात एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा जुलै उजाडला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव झाला आणि पाहता पाहता सगळे बिघडले. खेड्यांत दलितांची घरे जाळली गेली, शहरात रस्ते ओस पडले. पहिलवानाचा थोरला भाऊ बन्सी गावाकडून आला आणि ओसरीवर बसून सांगू लागला, "त्या मिस्त्रीला आता दारात घेऊ नगं. कुणाच्या पोटात काय हाय, कसं कळावं?"

दुसऱ्या दिवशी सांडू कामावर आला तेव्हा पहिलवानाने दार अर्धेच उघडले.

"सध्या ऱ्हाऊ दे, मिस्त्री. म्या सांगावा धाडतो."

सांडूने अर्ध्या दारातून आतल्या भरावाकडे पाहिले. मग म्हणाला, "बरं. पण भराव कच्चा हाय. पाणी पिऊ द्या त्याला. धुमस मारून दाबा, मगच फरशी बसवा. आन् माझा ओळंबा आत ऱ्हायलाय."

"देतो नंतर."

दार लागले. मी आत खिळ्याला लटकून सगळे ऐकत होतो. सांडू मला न्यायला पुन्हा आला नाही, याचा मला फार राग आला. त्याला मी नकोसा झालो असेच मी धरून चाललो. बंद झालेल्या दाराशी पुन्हा येऊन उभे राहणे माणसाला किती जड जाते, हे तेव्हा मला कळत नव्हते. सांगावा काही गेला नाही. उरलेली फरशी पहिलवानाने स्वतःच चार दिवसांत उरकली. धुमस आणायला तो कुणाकडे गेला नाही, पायाने तुडवून भराव दाबला आणि वर फरशी टाकली.

नंतर त्याने मला पत्र्याखालच्या वाशाला, खोलीच्या बरोबर मध्ये टांगले. माझ्या टोकाखाली दोन्ही अर्ध्या फरश्यांचा सांधा होता. रोगी समोरच्या भिंतीवर लावलेल्या त्या इंग्रजी कागदाकडे तोंड करून उभा राही, उजवा पाय सांध्याच्या एका बाजूला आणि डावा दुसऱ्या. पहिलवान मागून एक डोळा मिटून माझ्या दोरीवरून त्याची पाठ बघे. कुठला खांदा उतरला, कुठला वर गेला, हे मी सांगायचे. मग तो ताणलेला स्नायू शेकी, चोळी, बोटांनी दाबून सैल करी आणि मान हळूच वळवून जागेवर आणी.

पहिला रोगी डावीकडे झुकलेला निघाला. दुसराही डावीकडे. विसावा आला, शंभरावा आला, जो तो डावीकडेच. पहिलवान प्रत्येकाला सांगे, "डावा पाय आखूड पडतोय. चांभाराकडून डाव्या टाचेखाली चामड्याचा एक थर मारून घ्या." थर मारलेली चप्पल घालून माणूस परत आला की माझ्यासमोर सुतासारखा सरळ दिसे. पहिलवान खूश होई आणि मी मनात म्हणे, बघा, सारे शहरच डावीकडे कलले आहे आणि माझ्याशिवाय कुणाला पत्ता नाही. माणसांवरचा माझा संशय त्या खोलीत चांगलाच पोसला. काहींना बरे वाटत होते हेही खरे. दिवसभर यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला कुणी मायेने खांदे चोळून दिले तर बरे वाटणारच.

पाचेक वर्षे अशी गेली. मग बानाबाई आली.

ती मेंढरे राखणाऱ्या घरातली. मेंढरे सुटली, माणसे मजुरीला लागली. चार वर्षे तिने चिकलठाण्याच्या बांधकामांवर घमेले वाहिले होते आणि आता एका औषधांच्या कारखान्यात बाटल्या खोक्यांत भरण्याच्या कामावर लागली होती. डोक्याचा मागचा भाग रोज ठणके आणि मध्येच सगळे गरगर फिरे. कामावर ती दोनदा पडली होती. तिसऱ्यांदा पडलीस तर येऊ नकोस, असे मुकादमाने बजावले होते. ती ढोंग करते असे त्याला वाटे. नवरा मुंजाबा सोबत आला होता, त्याला पहिलवानच ढोंगी वाटत होता. आणि बानाबाई माझ्याकडे टक लावून बघत होती.

"हे काय टांगलंय?"

"ओळंबा," पहिलवान म्हणाला.

"माझं डोस्कं दुखतंय. घर बांधायचं नाय मला."

पहिलवान हसला. त्याने तिला समजावले, "मान म्हंजी तुमच्या पालाचा खांब. एका अंगाची दोरी लई ताणली, दुसऱ्या अंगाची ढिली सुटली, की खांब कलतो. वरचं डोस्कं सावरता सावरता सगळ्या दोऱ्या दुखत्यात. त्यातनंच चक्कर येती."

पालाची गोष्ट तिला पटली. पण माझ्यासमोर ती उभी राहिली तेव्हा तिचा डावा खांदा केसभरच उतरलेला दिसला. बाकीच्यांसारखा ठळक नाही. मला वाटले, ही काहीतरी लपवते आहे. पहिलवानाने नेहमीचेच सांगितले, डाव्या टाचेला थर. आणि डाव्या बाजूचे चोळणे सुरू झाले.

तीन महिने ती येत राहिली आणि तिचे दुखणे वाढत गेले. आता घरात झाडलोट करतानाही तिला भिंत धरावी लागे. मुंजाबा तिच्यादेखत पहिलवानाला म्हणाला, "मानंला हात लावून तुम्ही काय करून ठिवलं? हिची नोकरी गेली तर आमच्या चुलीचं काय?" पहिलवान म्हणाला की वेळ लागतो. त्याचा आवाज मात्र नेहमीसारखा ठाम नव्हता, हे मी टिपून ठेवले.

एका रविवारी ती सांध्यावर उभी होती. हातात पाण्याचा तांब्या होता. एकाएकी तिचे डोळे फिरले, तांब्या हातातून सुटला आणि ती खाली बसली. मुंजाबाने तिला धरले. पहिलवान पदराने वारा घाला म्हणाला. सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती फरशीकडे बघत होती. सांडलेले पाणी चारी बाजूंना पसरले नव्हते. सगळे सांधा ओलांडून डावीकडे गेले आणि डावा पाय ठेवायच्या जागेवर साचून राहिले.

"पहिलवान," ती म्हणाली, "पाणी बघा."

"फडकं मारतो की."

"फडकं नगं. तुमची फरशी उतरलीय." तिने जमिनीवर तळवा फिरवला. "अर्धं बोट तरी असंल. मिस्त्रीच्या हाताखाली चार वर्षं काढलीत म्या. इथं सरळ माणूस हुभा केला तरी डावीकडंच झुकंल."

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली ते सांगता येत नाही. पाच वर्षे मी प्रत्येक खांद्यावर संशय घेतला. ज्या फरशीच्या वर वीतभर अंतरावर माझे टोक लटकत होते, तिच्यावर एकदाही घेतला नाही.

पहिलवान उकिडवा बसला. त्याने पाण्यात बोट बुडवले.

"कुणी बसवली?" बानाबाईने विचारले.

"उजवी अर्धी सांडू मिस्त्रीनं."

"आन् ही?"

"म्या." मग, कुणी विचारले नव्हते तरी, तो म्हणाला, "त्यानं सांगितलं होतं भराव कच्चा हाय म्हणून. म्या त्याला दारातनंच परत धाडलं. त्याच्यावर शक घेतला."

पहिलवान उठला. त्याने मला वाशाच्या त्या जागेवरून सोडले आणि हातभर उजवीकडे, सांडूच्या फरशीवर टांगले. बानाबाईला चपला काढून तिथे उभे केले. मी डुलायचा थांबलो तेव्हा तिचा उजवा खांदा चांगला बोटभर खाली होता.

"कामावर कशा हुभ्या ऱ्हाता, दाखवा," पहिलवान म्हणाला.

तिने दाखवले. बाटल्या डावीकडून पट्ट्यावरून येत, म्हणून मान आठ तास डावीकडे वळलेली. उजव्या हाताने बाटली उचलून उजवीकडच्या खालच्या खोक्यात ठेवायची, म्हणून उजवा खांदा दिवसभर ओढलेला. बघता बघता पहिलवानाचा चेहरा उतरला.

"तीन महिने म्या उलट्या अंगाला दाबत होतो, बाई," तो म्हणाला. "थर मारून वरनं आणखी ढकललं. चूक माझी हाय."

मुंजाबा भांडायला उठला होता. बानाबाईने त्याला हातानेच बसवले. "आता सुलट्या अंगाला दाबा," ती म्हणाली. "बुधवारी मला पाळीवर हुभं ऱ्हायचंय."

त्या दिवशी पहिलवानाने मान वळवली नाही. नुसते शेकले, उजव्या बाजूचे ताठलेले स्नायू बोटांनी सैल केले आणि तिचा थर स्वतः पक्कडीने उपटला. पट्ट्याच्या समोरच्या अंगाला काम करणाऱ्या लीलाबाईशी रोज अर्धी पाळी जागा बदलून घे, असे सांगितले. मुकादमाला त्यातही काही डाव असावा असे वाटले, पण बाटल्या तेवढ्याच भरत होत्या, म्हणून तो गप्प राहिला. बुधवारी बानाबाई पडली नाही. महिनाभरात चक्कर थांबली. डोके अधूनमधून दुखते, म्हणाली, पण ते आता जगण्याइतके दुखते. नोकरी टिकली.

शेवटच्या दिवशी जाताना ती दारात थांबली. "माझ्याआधी किती जणांना थर मारायला लावला?"

पहिलवानाने कोपऱ्यातली पहार उचलली.

त्याने फरशी उखडली, भराव धुमस मारून दाबला. मग सायकल काढून तो रोग्यांना शोधत हिंडू लागला. काहींनी शिव्या दिल्या. एक जण हसला आणि थर काढायला तयारच झाला नाही. कित्येक सापडलेच नाहीत. कामगारांच्या खोल्या लवकर बदलतात. सांडू मिस्त्रीच्या घरीही तो मला फडक्यात गुंडाळून दोनदा गेला. तिथे दुसरेच बिऱ्हाड होते आणि मिस्त्री कुठे गेला ते त्यांना ठाऊक नव्हते. नुसते नाव विचारले तरी ती माणसे पहिलवानाकडे संशयाने बघत. मला त्यांचे काही चुकले असे वाटले नाही.

विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न मिटला त्यालाही आता कितीतरी वर्षे झाली. पहिलवान गेला. मी एका डब्यात पडून आहे आणि हिरवा पडलो आहे. मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. माझे मागणे वेगळेच आहे. तुमच्या गावात, बाजारात, कधी एखादी म्हातारी किंवा म्हातारा दिसेल. त्यांची डावी चप्पल उजवीपेक्षा जाड असेल आणि ते मान धरून चालत असतील. त्यांना थांबवा, मित्रांनो. तो थर काढून टाका म्हणावे. त्यांना सांगा, खोट तुमच्यात कधीच नव्हती. तुम्हाला जिथे उभे केले होते, ती जमीन आम्ही तपासली नव्हती.